श्टुटगार्टला येताय? मग हे वाचून या

श्टुटगार्टमध्ये नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या दोन महिन्यांत हमखास दोन गोष्टी बोलतो. एक, "म्युनिक-बर्लिनसारखं इथे बघायला काही नाहीच." आणि दुसरी, "इथले लोक भारी खडूस." ही वाक्यं मी इतक्या जणांकडून ऐकली आहेत की आता मान न वळवता चहा गाळत राहते. बोलणारे बहुतेक जण शेजारच्या बोब्लिंगन नाहीतर झिंडेलफिंगन गावात राहतात, एस-बानने (लोकलने) कंपनीत जातात, शनिवारी इंडियन स्टोअर आणि रविवारी कुणाकडे तरी जेवायला. शहर त्यांनी पाहिलेलंच नसतं, आणि इथली माणसं ऑफिसातल्या मीटिंगपुरती. असं कसं एखादं गाव कळेल?

व्हिसा, ब्लू कार्ड आणि टॅक्स क्लासवर माहितीचा ढीग पडलाय, तो मी पुन्हा उपसणार नाही. तरी जे सांगितल्याशिवाय राहवत नाही ते एका दमात सांगून टाकते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) करायची; त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा (हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसतं भाडं) जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, फक्त हे कुणी आपणहून सांगत नाही. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने पाठवतो" असं म्हणणाऱ्या मालकाला एक सेंटही देऊ नका, फोटो कितीही छान असोत. रेसिडेन्स परमिट संपायच्या पुष्कळ आधी अर्ज टाका. हाफ्टफ्लिश्ट विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) पहिल्याच आठवड्यात काढा आणि त्यात किल्ली हरवल्याचं कव्हर आहे ना ते बघा, कारण इमारतीची किल्ली हरवली तर सगळ्या दारांची कुलपं बदलायचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. रविवारी दुकानं बंद. झालं.

नकाशा सपाट असतो, गाव नाही

घर शोधताना पहिली फसगत इथेच होते. शहराचा मधला भाग खोल आहे, भोवती डोंगर. त्या खोलगटाला इथे सगळे केसेल म्हणतात. नेकार नदीच्या पातळीला शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०७ मीटरवर आहे आणि शहराच्याच हद्दीतली सगळ्यांत उंच जागा ५४९ मीटरवर. म्हणजे फोनवर "स्टेशनपासून दहा मिनिटं" दिसणारं घर प्रत्यक्षात दोनेकशे पायऱ्या वर असू शकतं. या पायऱ्यांना श्टेफेले म्हणतात. शहरात असे चारशेच्या वर जिने आहेत. उतारांवर पूर्वी द्राक्षमळे होते, त्यांत चढउतार करायला केलेल्या वाटांचे हे जिने झाले. मळे अजूनही आहेत, अगदी मुख्य स्टेशनच्या मागच्या चढावर सुद्धा. मी नाशिकची, त्यामुळे द्राक्षांच्या वेली बघून मला पहिल्या दिवशी जरा हायसं वाटलं होतं. बाळाची गाडी आणि दुधाचे खोके घेऊन त्या पायऱ्या चढायची वेळ आली तेव्हा ते ओसरलं. पोरं लहान असतील तर घर बघायला जाताना लिफ्टपेक्षा आधी रस्त्याचा चढ बघा.

उंचीला इथे पैशाचाही अर्थ आहे. उताराच्या मधल्या पट्ट्याला हाल्बहोएनलागे म्हणतात, तिथे जुन्या श्रीमंतांचे बंगले. बाहेरून काही कळत नाही: साधं फाटक, कापलेलं हेज, गराजचं दार बंद. इथला श्रीमंत माणूस पैसा दाखवत नाही, आणि दाखवणाऱ्याकडे शेजारी जरा तिरकंच बघतात. आपल्यातले काही जण पहिल्या बोनसला मोठी गाडी घेऊन ती दारात लावतात आणि मग विचारतात की शेजारी बोलत का नाहीत.

वरच्या मजल्याचं, छताखालचं घर शक्यतो घेऊ नका. केसेलमध्ये वारा कमी, उन्हाळ्यात भिंती तापतात, एसी नसतो, पंखाही तुम्हालाच आणावा लागतो. हा प्रश्न शहराला फार आधीपासून ठाऊक आहे. १९३८ पासून महापालिकेने पगारी हवामानतज्ज्ञ ठेवलाय, आणि रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरावी म्हणून काही उतार मुद्दाम मोकळे सोडलेत. तरीही नेकारटोर चौकातली हवा कित्येक वर्षं देशातली सगळ्यांत वाईट म्हणून गाजली. २०१९ पासून युरो-४ (हा गाडीच्या धुराचा वर्ग) आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आहे. तेव्हा ओळखीतला कुणी परत जाताना "स्वस्तात देतो" म्हणून जुनी डिझेल गळ्यात मारायला लागला तर आधी तिचा वर्ग विचारा.

आल्याच्या पहिल्या रविवारी एवढं करा. मारिएनप्लाट्झवरून दातेरी रुळांची रेल्वे घ्या, तिला सगळे लाडाने त्साके म्हणतात. १८८४ पासून ती डेगरलोखचा चढ चढते आहे, पुढे सायकली ठेवायची वेगळी गाडी लावून. वर उतरून जंगलातून टीव्ही टॉवरपर्यंत चालत जा. हा १९५६ सालचा, प्रबलित काँक्रीटचा जगातला पहिला टीव्ही टॉवर, फ्रिट्झ लेओनहार्टने बांधलेला. नंतर जगभर तसे टॉवर उभे राहिले. वरून केसेल दिसला की घराच्या जाहिरातींतले पत्ते आपोआप कळायला लागतात.

खडूसपणाची गोष्ट

इथली माणसं काटकसरी आहेत, मोजून बोलतात आणि कौतुक करत नाहीत. हे खरं आहे. पण ते तसे का झाले हे कळलं की त्याचा राग येत नाही, निदान मला तरी यायचा बंद झाला.

हे गाव मुळात बडं राजधानीचं शहर नव्हतं. दहाव्या शतकात, साधारण ९५० च्या सुमारास, श्वाबियाच्या लिउडोल्फ नावाच्या ड्यूकने इथे घोड्यांची पागा केली, असं इतिहास सांगतो. शहराच्या चिन्हावरचा काळा घोडा तोच, आणि पोर्शेच्या बोनेटवरचाही. नेकारच्या काठचं कान्श्टाट, आता शहराचाच भाग, त्याहून जुनं, तिथे रोमन लोकांचा तळ होता. पुढे व्युर्टेमबर्गचे, म्हणजे या मुलखाचे, सरदार, १४९५ पासून ड्यूक, आणि १८०६ मध्ये नेपोलियनच्या कृपेने राजे. श्लॉसप्लाट्झवरचा नवा राजवाडा बघून हे घराणं फार श्रीमंत वाटतं, पण प्रजा गरीब होती. कारण इथे जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची पद्धत. तीन-चार पिढ्यांत वावराच्या चिंध्या. आपल्याकडे वाटण्या होऊन जे झालं तेच. त्या तुकड्यावर पोट भरेना, म्हणून माणसं शेती सांभाळून घड्याळं दुरुस्त कर, विणकाम कर, लोहारकाम कर, असं करायला लागली. त्यांचीच नातवंडं पुढे कारखान्यांत उत्तम कारागीर म्हणून उभी राहिली. वर प्रोटेस्टंट धर्मातला पिएटिस्ट पंथ: काम हीच पूजा, नाचगाणं नको, उधळपट्टी तर नकोच.

आणि मग १८१६ साल. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेने युरोपचा उन्हाळाच गेला. व्युर्टेमबर्गमध्ये पीक कुजलं, माणसं उपाशी मेली, हजारो जण गाव सोडून रशियाला आणि अमेरिकेला गेले. परदेशी जाण्याचं आपल्याला वाटतं तेवढं नवल या लोकांना नाही, त्यांच्या घराघरांतून कुणीतरी गेलेलं आहे. त्याच वर्षी गादीवर आलेला राजा विल्हेल्म पहिला आणि त्याची राणी काथारिना, रशियाच्या झारची बहीण, यांनी दुष्काळावर जे केलं त्यातलं बरंच आजही चालू आहे. १८१८ मध्ये गरिबांसाठी बचत बँक निघाली, होहेनहाइमला शेतकीची शाळा निघाली (तीच आताची युनिव्हर्सिटी, तुमच्यातले काही जण तिथेच शिकायला येताय), आणि कान्श्टाटला शेतकऱ्यांचा मेळा भरला, जनावरांना बक्षिसं देणारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्याला आपण सगळे "इथलं ऑक्टोबरफेस्ट" म्हणतो तो फॉल्क्सफेस्ट म्हणजे हा मेळा. इथल्या माणसासमोर त्याला ऑक्टोबरफेस्ट म्हणू नका. मैदानाच्या मध्ये धान्य, फळं आणि भाज्यांनी मढवलेला उंच खांब असतो. बिअरच्या तंबूत जाण्याआधी तो एकदा नीट बघा, तो उपासमार संपल्याचा खांब आहे. राणी १८१९ च्या जानेवारीत वारली, तिशीतच. राजाने आपल्या घराण्याचा जुना किल्ला पाडून रोटेनबर्गच्या टेकडीवर तिची समाधी बांधली. तिथून खाली दिसतात ते मर्सिडीजचे कारखाने.

या मुलखात साहेब तुमच्या कामावर काही बोलला नाही तर त्याचा अर्थ काम चांगलं झालं. इथे म्हणच आहे, नेट ग्शिम्फ्ट इश ग्नूग ग्लोब्ट: ओरडलो नाही ना, मग कौतुक झालंच. पहिल्या वर्षी आपली हुशार मुलं यावरून रात्र रात्र जागतात. अमेरिकेत राहून आलेल्यांना तर हे फारच लागतं, तिकडे ईमेलला उत्तर दिलं तरी "ग्रेट जॉब" मिळतं. इथे वाट बघू नका. उलट बॉसने तासभर बसून तुमच्या डिझाइनमधल्या चुका काढल्या तर त्याने तुम्हाला मनावर घेतलंय असं समजा. रॉबर्ट बॉशबद्दल सांगतात की कारखान्यात जमिनीवर पडलेली कागदाची क्लिप उचलून त्याने कामगाराला विचारलं, हे काय आहे? क्लिप, तो म्हणाला. नाही, हा माझा पैसा आहे, बॉश म्हणाला. याच माणसाने १९०६ मध्ये, कुणी फारसं देत नव्हतं तेव्हा, आठ तासांचा दिवस दिला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे लक्षात ठेवलं की इथलं ऑफिस पुष्कळ कळतं.

केअरवोखे

एक दिवस तुमच्या दाराच्या मुठीला दोरीने लटकवलेली एक लाकडी किंवा पत्र्याची पाटी दिसेल: केअरवोखे. घाबरू नका आणि शेजारच्याच्या दारावर गुपचूप सरकवूही नका, असं केलेलं मी पाहिलंय. या आठवड्यात जिना झाडायची पुसायची पाळी तुमची आहे. छोटी केअरवोखे म्हणजे तुमच्या मजल्याचा जिना; मोठी म्हणजे तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, दारापुढचा फुटपाथ आणि थंडीत त्यावरचा बर्फ. बर्फ सकाळी लवकर, लोक कामाला निघायच्या आत काढावा लागतो. कुणी घसरून पडलं तर प्रश्न तुमच्यावर येतो.

रस्ते साफ ठेवायचे हुकूम ड्यूकांच्या काळापासूनचे आहेत. महापालिकेने १९८८ मध्ये आपली सक्ती काढली, पण भाडेकरारात ती आहेच, त्यामुळे "आता कायदा नाहीये" असं शेजारणीला ऐकवायला जाऊ नका. जिना स्वच्छ असला तरी पुसायचा. मुख्य म्हणजे पुसताना दिसायला हवं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला बादली आणि फडकं घेऊन उतरा. रात्री अकराला पुसलेला जिना कुणाच्या हिशेबात धरला जात नाही. माझी वरच्या मजल्यावरची आजी दोन वर्षं फक्त "ग्रूस गॉट" म्हणायची. एका शनिवारी ती माझ्या मागे उभी राहून बघत होती, मग खाली वाकून जिन्याच्या कठड्याखालची पट्टी बोटाने पुसली आणि म्हणाली, इथे पण. पुढच्या आठवड्यात तिच्या बागेतल्या प्लमची पिशवी दारात. कामवाली लावून ही पाळी टाळता येते, पण निदान पहिलं वर्ष स्वतः करा.

त्याच माळेतली दुसरी गोष्ट म्हणजे खिडक्या. दिवसातून दोन-तीनदा, कडाक्याच्या थंडीतही, पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. आपला भात, आपला कुकर, आपली फोडणी, आंघोळीची वाफ. खिडकी बंद ठेवली की भिंतीला बुरशी येते आणि घर सोडताना डिपॉझिट त्या बुरशीत जातं.

लायसन्स, लायसन्स, लायसन्स

हे मी मोठ्या अक्षरांत छापून विमानतळावर वाटायला तयार आहे. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. सहा महिने. त्यानंतर त्या लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना गाडी चालवणं, आणि हा नुसता दंडाच्या पावतीचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. ज्याने तुम्हाला त्याची गाडी चालवायला दिली तोही अडकतो. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करा. "माझ्याकडे इंटरनॅशनल परमिट आहे, वर्षभर चालतं" हे उत्तर पोलिसाला देऊ नका. ते परमिट मूळ लायसन्सचं भाषांतर आहे, त्याने मुदत वाढत नाही. सुट्टीत पुण्याला जाऊन लायसन्स रिन्यू करून आणलं म्हणून सहा महिने नव्याने सुरू होत नाहीत.

आमच्या ओळखीतला एक मुलगा, अतिशय हुशार, ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायला इथे आलेला. गाडी शेअरिंगच्या अॅपने त्याचं भारतीय लायसन्स सुरुवातीला स्वीकारलं होतं, म्हणून सगळं ठीक आहे असं तो धरून चालला. आठव्या महिन्यात आल्बच्या डोंगरांकडे सहलीला जाताना साध्या तपासणीत गाडी थांबवली. शिक्षा पगाराच्या प्रमाणात ठरते, त्यामुळे ज्याचा पगार चांगला त्याला जास्त लागते. त्याचा महिनाभराचा पगार गेला, वकिलाचे वेगळे, आणि पुढे परमिटच्या अर्जात या प्रकरणाचा खुलासा लिहीत बसावं लागलं. बायको-मुलं मागच्या सीटवर होती, गाडी तिथेच सोडून सगळे बसने परत आले. असं एकदाच झालं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. दर वर्षी कुणीतरी असतंच.

करायचं काय? आल्या आल्या पहिल्याच महिन्यात लायसन्स बदलून घ्यायचा अर्ज. भारताशी तसा करार नसल्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र नवशिक्याला जे ठरावीक तास सक्तीचे असतात ते तुम्हाला नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलमार्फत परीक्षेला बसायचं आणि लागतील तेवढेच तास घ्यायचे. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स हवाच. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. आणि कृपा करून "मी पंधरा वर्षं मुंबईत चालवलीय" या तोऱ्यात प्रत्यक्ष परीक्षेला जाऊ नका. उजव्या बाजूने येणाऱ्याचा पहिला हक्क, खांद्यावरून मागे वळून बघणं आणि सायकलवाला, या तीन गोष्टींवर आपले लोक नापास होतात. परीक्षेच्या तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून सहा महिने हे दिसायला भरपूर आणि प्रत्यक्षात कमी आहेत. तोपर्यंत डॉइचलांड-टिकिटावर (देशभरच्या लोकल गाड्या आणि बसचा मासिक पास) फिरा, अडतं कुठे?

सगळ्यात गंमत म्हणजे हे घडतं कुठे, तर मोटारीच्या माहेरी. गोटलीब डायम्लर आणि माय्बाख यांनी कान्श्टाटला बंगल्याच्या बागेतल्या काचघरात आपलं हलकं, वेगाने फिरणारं इंजिन तयार केलं आणि १८८५ मध्ये ते दुचाकीला बसवलं. रात्री-बेरात्री आतून ठोकाठोकीचे आवाज ऐकून माळ्याला वाटलं हे खोटी नाणी पाडतायत, त्याने पोलिसांना बोलावलं, असं सांगतात. ती छोटी इमारत अजून आहे, कुरपार्कजवळ. मोठ्या संग्रहालयांत तर तुम्ही जालच, ही जागा बघा. मानहाइमकडचे, म्हणजे बाडेनातले, लोक मोटार आपल्या कार्ल बेन्झने केली म्हणून वाद घालतील. घालू द्या. बाडेन आणि व्युर्टेमबर्ग १९५२ मध्ये एका राज्यात आले आणि श्टुटगार्ट राजधानी झालं, ते बाडेनवाल्यांना अजून पचलेलं नाही. बाडेनातल्या कार्ल्सरूहच्या सहकाऱ्याला चुकून श्वाबे (इथल्या, श्टुटगार्टकडच्या मुलखाचा माणूस) म्हणालात तर दिवसभर कॉफी विसरा.

स्वस्तिक

दिवाळीत दाराबाहेर रांगोळी काढा, पण स्वस्तिक देवघरात ठेवा. नवीन गाडीची पूजा केली तर बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून ती रस्त्यावर नेऊ नका. आपलं चिन्ह वेगळं, आपला अर्थ वेगळा, धार्मिक वापराला इथल्या कायद्यात जागाही आहे, हे सगळं मला ठाऊक आहे आणि ते मी शेजाऱ्यांना समजावूनही सांगितलंय. पण फुटपाथवर चालताना दगडांच्या मध्ये बसवलेल्या लहान पितळी फरश्या तुम्हाला दिसतील. त्यावर नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. त्या त्या घरांतून नेलेल्या माणसांच्या त्या खुणा आहेत. १ डिसेंबर १९४१ ला श्टुटगार्टच्या नॉर्डबानहोफवरून पहिली गाडी सुटली, सुमारे हजार ज्यू माणसांना रीगाकडे घेऊन. आज तिथे जुने रूळ जपून ठेवलेत आणि भिंतीवर नावं आहेत. तिथे एकदा जाऊन या, म्हणजे मग ऐंशी वर्षांची बाई तुमच्या दारातलं चिन्ह बघून का थबकली हे वेगळं विचारावं लागणार नाही.

आणि आपल्यातले काही महाभाग दारू चढली की "हिटलरने देश शिस्तीत आणला" वगैरे बोलतात. असल्या माणसाला मी माझ्या घरी दुसऱ्यांदा बोलावत नाही. त्या शिस्तीचं पुढे काय झालं ते बघायला बिर्केनकोप्फवर चढा: बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या शहराचा ढिगारा वाहून नेऊन त्या टेकडीवर टाकला आणि ती सुमारे चाळीस मीटरनी उंच झाली. माथ्यावर कोरीव दगड, खांबांचे तुकडे, दारांच्या कमानी तशाच पडल्या आहेत. शाळकरी मुलं त्यावर बसून सँडविच खातात.

याच शहराचा महापौर मानफ्रेड रोमेल, हिटलरच्या सैन्यातल्या फील्डमार्शल रोमेलचा मुलगा, १९७४ पासून बावीस वर्षं त्या जागेवर होता. १९७७ मध्ये श्टामहाइमच्या तुरुंगात तीन दहशतवादी मेले, तेव्हा त्यांना पुरायला कुणीच आपल्या दफनभूमीत जागा द्यायला तयार नव्हतं. रोमेलने शहरातली जागा दिली. वैर कुठेतरी संपायला हवं, मृत्यूपाशी तरी, असं त्याचं म्हणणं. "मरणान्तानि वैराणि" लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यायला नको. तेव्हा त्याला शिव्याच खाव्या लागल्या. आज विमानतळाला त्याचं नाव आहे.

स्टेशनबद्दल बोलू नका

मुख्य स्टेशनचं काम २०१० पासून चालू आहे. वरचे सोळा रूळ काढून जमिनीखाली आठ, असा तो श्टुटगार्ट-२१ प्रकल्प. उद्घाटनाच्या तारखा इतक्यांदा बदलल्यात की मी लक्षात ठेवणं सोडलं. ३० सप्टेंबर २०१० ला बागेतली जुनी झाडं वाचवायला जमलेल्यांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, त्यात एका निवृत्त इंजिनिअरची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे कोर्टाने ती कारवाई बेकायदा ठरवली. त्यानंतरच्या निवडणुकीत देशातला पहिला ग्रीन मुख्यमंत्री इथे आला. आणि सार्वमतात मात्र ५९ टक्क्यांच्या आसपास लोकांनी प्रकल्प थांबवायला नकार दिला. घराघरांत दोन बाजू आहेत. गमतीने विषय काढाल आणि जेवण गार होईल. गाडी पकडायची असेल तर पंधरा मिनिटं जादा धरून निघा, कुंपणांमधून रस्ता रोज बदलतो.

शाकाहारी मंडळींनो

माउलटाशन (सारण भरलेले पिठाचे चौकोन) हिरवे दिसतात, पालक असतो म्हणून. आत मांस असतं. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस पिठाच्या आवरणात लपवलं, अशी त्यांची गोष्टच आहे, तेव्हा तुम्हाला कसं दिसणार? शाकाहारी मिळतात, पण विचारून घ्या. बटाट्याच्या सॅलडमध्ये इथे मेयोनीज नसतं, बहुधा मांसाचं पाणी असतं. मसूर आणि श्पेत्झ्ले (इथल्या जाड शेवया) हे डिश नावावरून आपलं वाटतं. त्यात बेकन असतो आणि वर सॉसेज. केझेश्पेत्झ्ले, म्हणजे चीज घातलेल्या त्याच शेवया, खुशाल खा. दारावर झाडू टांगलेलं घर दिसलं की तो द्राक्षमळेवाल्याचा बेझन (घरच्या वाइनची खाणावळ), वर्षातले काही महिनेच उघडा. आत जा, अनोळखी माणसांच्या टेबलावरच बसवतात. इथल्या माणसाशी ओळख व्हायची असेल तर ती तिथे होते, ऑफिसात नाही.

कान्श्टाटच्या खनिज पाण्याच्या झऱ्यांबद्दल एवढंच: युरोपात बुडापेस्टनंतर एवढं पाणी इथेच, पोहायला जरूर जा. सौना विभागात कपडे घालून जात नाहीत, तेव्हा सासू-सासऱ्यांना घेऊन जाताना दार बघून वळा.

आपले लोक

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, २०१५ पासून महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्येही करार आहे, उन्हाळ्यात भारतीय चित्रपटांचा महोत्सव असतो. नाशिकला मायको सर्कल आहे आणि मायको म्हणजे बॉश, हे मला लहानपणी माहीत नव्हतं. एवढं जुनं नातं असून आपली माणसं इथे पाहुण्यासारखी राहतात. गणपतीला या, दिवाळीच्या फराळाला या, पहिले सहा महिने आपल्या माणसांशिवाय निभत नाही. विसर्जन मात्र घरी बादलीत, नेकारमध्ये नाही. आणि दर वाक्यात युरोला रुपयांनी गुणणाऱ्यांपासून जरा लांब बसा, त्यांच्या नादाने तुम्ही ब्रेझेल पण खाणार नाही. ज्यांच्या ओळखीने घर मिळालं त्यांचा मान ठेवा, पण पगाराची स्लिप दाखवू नका.

जर्मन शिका. पुस्तकातली जर्मन इथल्या बेकरीत अर्धी कळेल. राज्यानेच १९९९ पासून स्वतःची जाहिरात केली की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. निरोप घेताना "आडे" म्हणालात की बेकरीवाली बाई दुसऱ्यांदा बघते.

येताना तूरडाळ, तांदूळ, पोहे आणू नका, सगळं मिळतं. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं आणि कुकरच्या दोन जादा रिंगा आणा. लायसन्सची मूळ प्रत हँडबॅगेत ठेवा.